शिवतेजची चौकशी

माणसानं प्रेमकथा लिहू नये असं माझं म्हणणं नाही. अवश्य लिहावी. फक्त ज्या गॅलरीत आपली आई घेवडा निवडत बसते, त्या गॅलरीत बसून लिहू नये. एवढी अक्कल मला वेळेवर आली असती, तर विट्याचे पाहुणे आमच्या हॉलमध्ये पोह्यांच्या प्लेटा हातात धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले नसते, आणि मीही सोसायटीत बरा माणूस म्हणून ओळखला गेलो असतो.

मी कुपवाडला एका फाउंड्रीत तपासनीस आहे. ओतून, घासून आलेलं कास्टिंग हातात घ्यायचं, उलटसुलट करायचं, ठोकून आवाज ऐकायचा आणि कुठं भोक, तडा दिसला की खडूनं फुली मारायची, हे माझं काम. उभी हयात फुल्या मारण्यात गेली की स्वभावही तसाच होतो. घरी आमटी वाढली तरी मी आधी वाटी फिरवून बघतो, असं आमची मंडळी, म्हणजे राजश्री, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. एक दिवस आमची मुलगी प्रांजल वैतागून म्हणाली, "पप्पा, तुम्ही सगळ्यांच्यात खोट काढता. एकदा स्वतः काहीतरी तयार करून दाखवा की!" आणि तिनं परस्पर माझं नाव एका ऑनलाइन उपक्रमात घातलं. महिनाभरात एक लघुकादंबरी लिहायची, तीही प्रेमाची. जी संपादिकेच्या पसंतीला उतरेल ती छापून येणार.

मी नाही म्हणणार होतो. पण खालच्या मजल्यावरच्या धनाजी सुभेदारांना ही बातमी लागली. फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाचा आवाज निवृत्त होत नाही. जिन्यात गाठून ते म्हणाले, "काय गड्या, प्रेम करायला लागलाईस म्हणं?" पन्नाशीच्या माणसाला हा प्रश्न सोसायटीच्या जिन्यात, दोन्ही बाजूंची दारं उघडी असताना विचारला गेला, की मग माघार घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी फाउंड्रीतही कळलं होतं. ज्यांच्या कास्टिंगवर मी फुल्या मारत आलो ती सगळी पोरं हसून बघत होती. ह्याच्या मालावर फुली कधी पडते याची ती वाट बघत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्या क्षणी मी ठरवलं, कादंबरी पुरी करायची आणि छापूनही आणायची.

उपक्रमाच्या संपादिका साताऱ्याच्या अपेक्षा मॅडम. त्यांनी नियमांची लांबलचक यादी पाठवली. पहिला खर्डा मागं वळून न बघता लिहायचा, रोजचं लिखाण रोज सगळ्या सहभागी मंडळींच्या गटावर टाकायचं, एकदा टाकलं की ते कुलूपबंद होणार आणि संपादनासाठी शेवटच्या आठवड्यातच उघडणार. मागं वळून बघायचं नाही, हे एका तपासनिसाला सांगायचं म्हणजे आचाऱ्याला चव घेऊ नको म्हणण्यासारखं आहे. पण नियम म्हणजे नियम.

माझी बोटं जाड. एक अक्षर दाबलं की शेजारची दोन उमटतात. म्हणून प्रांजलनं फोनला बोलून लिहायची सोय करून दिली. आपण बोलायचं, तो लिहिणार. संध्याकाळी फाउंड्रीतून आलो, चहा घेतला, गॅलरीत खुर्ची टाकली आणि सुरुवात केली. जे माहीत आहे तेच लिहा, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून नायिका मेढ्याजवळच्या गावची घेतली, कारण माझ्या आईचं माहेर तिकडचं. तिचं नाव अंकिता. नायक विट्याचा शिवतेज. त्याचं कोइमतूरला सोन्याच्या गलाईचं दुकान. विट्याकडची निम्म्याहून जास्त घरं सोनं गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, तेव्हा हेही मला माहीतच होतं. मेढ्याच्या एसटी स्टँडवर दोघांची नजरानजर होते, इथपर्यंत मी मोठ्या रंगात येऊन बोललो आणि पाठवून दिलं. मग वाचलं.

त्यात असं उमटलं होतं: "शिवतेजने तिच्या काळ्याभोर डोळ्यांत पाहिले आणि त्याला वाटले की आपण हिला जन्मोजन्मी कुठल्या भावकीतला म्हणायचा ह्यो ओळखत आहोत आणि घरी कोण कोण असतं त्याच्या मंद वारा वाहत होता अगं राजश्री घेवड्यात लय खडं हायती."

माझ्या मागं माझी आई, भामाबाई, मांडीवर ताट घेऊन वाळला घेवडा निवडत बसली होती.

मी ताबडतोब मॅडमना दुरुस्तीची विनंती केली. उत्तरादाखल एक अर्ज आला. त्यात दुरुस्तीचं कारण निवडायचं होतं. 'भाषेची चूक', 'तपशिलाची चूक' आणि 'लेखकाचा विचार बदलला', एवढीच तीन कारणं होती. आई मागं बसली होती, हे कारण कुठल्याच खान्यात बसेना. मी नाइलाजानं 'तपशिलाची चूक' निवडलं. त्यावर अर्ज म्हणाला, चुकीच्या तपशिलाचा पुरावा जोडा. मी अर्ज बंद केला.

गटावर मात्र भलतंच झालं. एका बाईंनी लिहिलं, "मधूनच येणारा हा अज्ञात आवाज अंगावर काटा आणतो." दुसऱ्या एकानं याला 'धाडसी प्रयोग' म्हटलं. अपेक्षा मॅडमनी फक्त "हं. पुढे पाहू" एवढंच लिहिलं. ही शाबासकी की फुली, ते मला कळेना. पुढचा महिनाभर मला जे जे कळलं नाही, त्याची ही नुसती सुरुवात होती.

"आई," मी समजावून सांगितलं, "ही गोष्ट आहे. मनानं रचलेली."

"म्हाईत हाय की. मला काय येडी समजतुस?"

"मग त्याची भावकी कशाला विचारतेस?"

"गोष्टीतली झाली म्हणून काय, पोरगी हाय न्हवं? तू तिला द्यायला निघालाईस. चौकशी नको?"

इथं चौकशीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आमच्या भागात मुलगी दाखवतात नंतर, चौकशी आधी होते. दोन वडीलधारी माणसं मुलाच्या गावाला जातात. सरळ त्याच्या घरी जात नाहीत. आधी पानपट्टीवर थांबतात, मग चावडीजवळ, मग हळूच शेजारच्या घरी पाणी मागतात. मुलगा काय पितो, बाप कुणाशी भांडतो, म्हशी स्वतःच्या आहेत का कुणाच्या आणून बांधल्यात, हे सगळं तासाभरात बाहेर येतं. सरकारी खात्यानं यातून शिकावं असं पुष्कळ आहे. पण काळ्याभोर डोळ्यांच्या प्रकरणात ही चौकशी मध्ये घुसेल, असं मला वाटलं नव्हतं.

मी जागा बदलली. बेडरूममध्ये गेलो, तर आई ताटासकट तिथं आली. जिन्यात बसलो, तर सुभेदार आले. त्यांचं म्हणणं एकच, "नायक फौजी कर. गलाईवाला कसला नायक गड्या? सीमेवर उभा कर त्याला. तिकडं तो, हिकडं ती. लोक रडून रडून बेजार व्हतील." मी म्हणालो, त्याचं दुकान कोइमतूरला आहे, तिथून सीमा लांब पडते. तर म्हणाले, "बदली मागून घे." फाउंड्रीच्या कँटीनमध्ये बसलो, तर मागं ग्राइंडर चालू होता. त्या दिवशीच्या सबंध प्रकरणात एकही अक्षर उमटलं नाही. गटावरच्या बाईंनी ते कोरं पान म्हणजे 'विरहाचं मौन' आहे असं लिहिलं.

राजश्रीचा मुद्दा आणखी निराळा होता. तिनं एक प्रकरण वाचलं आणि विचारलं, "हा शिवतेज सकाळी उठून स्वतःच्या हातानं चहा करतो?"

"हो. प्रेमळ आहे."

"तिला बी देतो?"

"देतो."

"हे तुम्हाला कुठनं सुचलं म्हणे?" एवढंच बोलून ती आत गेली. त्यानंतर आठवडाभर घरात चहा मीच केला. साहित्याचा समाजावर परिणाम होतो म्हणतात, तो असा होतो.

शेवटी मी गॅलरीतच परत आलो. एका संध्याकाळी दोघांच्या लग्नाचं बोलणं काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात आईनं घेवडा ताटात तसाच ठेवला. "चौकशीबिगर लगीन लावणार असशील," ती म्हणाली, "तर मी फुडलं ऐकायची न्हाई. माझ्यानं ऐकवायचं न्हाई." आणि ताट उचलून आत जाऊन बसली.

मला वाटलं, सुटलो. मी फोन तोंडाजवळ धरला. "अंकिताने लाजून मान खाली घातली." पुढं काही सुचेना. परत म्हणालो, "अंकिताने लाजून मान खाली घातली." मागून कुणी काही विचारत नव्हतं. कुणी विचारत नसलं की सांगायचं कुणाला, हे समजत नाही. दोन-तीन दिवस माझ्या नायिकेची मान खालीच राहिली. आई जेवायला बसायची, दोन घास खायची आणि उठायची. एकदा राजश्रीनं विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाई गं. ती पोरगी डोळ्याम्होरनं हालत न्हाई." तेव्हा मला पहिल्यांदा थोडं चमत्कारिक वाटलं. आटपाडीकडचं घर बंद करून आई आमच्याकडं सांगलीला आली, तेव्हापासून ती कशाबद्दलही एवढं बोलली नव्हती.

मग एका सकाळी आई एकदम हसऱ्या चेहऱ्यानं बाहेर आली. "झाली चौकशी," ती म्हणाली.

"कुणाची?"

"शिवतेजची."

आईची मावसबहीण बनुबाई विट्याला असते. आईनं तिला फोन लावला होता. खोटं काही बोलली नाही. "आमच्यातल्या एका पोरीसाठी बघायचंय, शिवतेज नावाचा कोण हाय का, कोइमतूरला गलाई असणारा," एवढंच विचारलं. पोरगी गोष्टीतली आहे, हा तपशील सांगायचा राहिला. बनुबाईनं पदर खोचला आणि दोन दिवसांत रीतसर माहिती काढली.

"हाय की तसा पोरगा," आई म्हणाली. "नाव शिवतेज. दुकान कोइमतूरलाच. सुपारीचं खांड बी खात न्हाई. सध्या यात्रेला गावी आलाय."

मी हातातला चहा खाली ठेवला. ज्या माणसाला मी खुर्चीत बसून मनानं घडवला, तो विट्यात यात्रेला आला होता. आपण लेखक आहोत की नुसते साक्षीदार, हे मला कळेना.

"आणि तू एक लपवलंस," आई पुढं म्हणाली. "त्याचं आधी एक लगीन ठरून मोडलंय."

"मी कुठं लपवलं? मलाच माहीत नव्हतं!"

"बघ. तुझाच पोरगा, आन तुला म्हाईत न्हाई. का मोडलं ते बनुला बी कळलं न्हाई. पोरगी अशी आंधळेपणानं कशी द्यायची?"

मी फाउंड्रीला गेलो आणि दिवसभर विचार करत राहिलो. माझ्या नायकाचं आधीचं लग्न का मोडलं असेल? मी त्या दिवशी एकही फुली मारली नाही. सुपरवायझरनं दोनदा येऊन तब्येत विचारली. संध्याकाळी आईची ती चौकशी जशीच्या तशी कथेत बोलून टाकली, पण लग्नाचं प्रकरण राहिलंच.

एवढ्यात शेवटचा आठवडा लागला. खर्ड्याचं कुलूप उघडलं आणि अपेक्षा मॅडमची संपादकीय टिपणी आली. कथेत संघर्ष कमी आहे, एक खलनायक घाला. चौकशीचा भाग कंटाळवाणा आहे, काढून टाका. आणि तो मधून येणारा म्हातारीचा आवाज सुरुवातीला गमतीचा वाटला तरी कथेला त्याची गरज नाही, तोही पूर्ण काढा. रविवारी संध्याकाळपर्यंत पक्की प्रत पाठवा.

खलनायक घालणं सोपं गेलं. नायकाचा एक मिशीवाला, खडूस चुलता घातला. म्हातारीचा आवाज काढायचं काम मी रविवार सकाळवर टाकलं.

रविवारी सकाळी मी फोन घेऊन बसलो होतो, तेवढ्यात आई शांतपणे म्हणाली, "राजश्री, पोहं जरा जास्त भिजव. विट्याचं पाव्हणं येत्याती. बनु घिऊन येतीया. पोरगा बी हाय संगं."

राजश्रीच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. "कुणाला बघायला?"

"अंकिताला."

त्यानंतर आमच्या घरात जे झालं ते क्रमानं सांगता येणार नाही. राजश्री एकाच वेळी माझ्यावर ओरडत होती आणि कांदा चिरत होती. तिचं म्हणणं, काय व्हायचं ते होऊ दे, पण पाहुण्यांना पोहे मिळाले पाहिजेत. मी सुभेदारांना बोलावून आणलं, कारण अशा वेळी एक मध्यस्थ लागतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शत्रू किती?"

तीन होते. बनुबाई, एक उंचापुरा, शांत, चष्मेवाला तरुण आणि त्याचा चुलता नाथाजी. नाथाजींना भरघोस मिशी होती. ती बघून मी हातातला मोबाईल हळूच खिशात टाकला.

पाहुणे बसले. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण नाथाजींनी विचारलं, "तुमी मूळचं कुठलं म्हणायचं?" आटपाडीकडचे, असं सांगितलं. मग आटपाडीत कुणाकडं, मग त्यांची मुलगी कुठं दिली, मग ती दिली त्यांचा व्याही तासगावला, तो व्याही नाथाजींच्या मेहुण्याचा साडू निघाला. सगळे फार आनंदले. सुभेदारांनाही एक साडू सापडला. त्या आनंदात बराच वेळ मुलीचं नावच कुणी काढलं नाही. मला वाटलं, असंच चहा घेऊन जातील.

तेवढ्यात प्रांजल पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली. नाथाजी सावरून बसले. बनुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. शिवतेजनं चष्मा पुसला.

प्रांजलनं सगळ्यांकडं बघितलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "एक मिनिट. ती मी नव्हे. ती पप्पांच्या मोबाईलमध्ये आहे."

"मग फोटो दावा की," नाथाजी म्हणाले.

"फोटो नाही," मी म्हणालो.

"बायोडाटा?"

"तसा… मोठा बायोडाटाच आहे. म्हणजे ती मुलगी लिहिलेली आहे. मी लिहिलेली."

नाथाजींनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "म्हंजी पोरगी न्हाईच?"

"आहे," मी म्हणालो, "पण गोष्टीत."

"अगं भामाबाई," बनुबाई आईवर घसरली, "मी अख्ख्या आळीत इचारत फिरले की गं! लोकांस्नी आता काय सांगू?"

"आमी यात्रेची पालखी सोडून आलोय!" नाथाजी उठून उभे राहिले. "चल रं शिवतेज." सुभेदारांनी त्यांचा खांदा धरून खाली बसवलं आणि समेटासाठी म्हणाले, "ऐकून तर घ्या पाव्हणं. तुमच्या पोराबद्दल लय चांगलं लिहिलंय गड्यानं." नाथाजी म्हणाले, "वाचा बघू."

मी वाचायला लागलो. शिवतेजचा प्रेमळपणा, त्याचा सकाळचा चहा, सगळं वाचलं. नाथाजींचा राग उतरत चालला. तेवढ्यात नव्यानं घातलेलं पान आलं आणि ते कसं टाळावं हे मला सुचेना. "त्याचा चुलता," मी हळू आवाजात वाचलं, "मिशीवर ताव देणारा, कपटी आणि…" नाथाजींचा हात मिशीकडं निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला.

"हे मॅडमनी घालायला लावलं," मी म्हणालो. शिवतेज एकदम मोठ्यानं हसला. इतका वेळ गप्प असलेला तो पोरगा हसला, तसं सगळ्यांचंच थोडं सैल झालं.

आई इतका वेळ कोपऱ्यात बसून त्याच्याकडंच बघत होती. "ल्येकरा," ती म्हणाली, "एक इचारू? तुझं आधीचं लगीन का मोडलं?"

"भामाबाई!" बनुबाई ओरडली. राजश्रीनं डोळे मिटून घेतले. पण शिवतेजला राग आला नाही.

"मीच मोडायला कारण झालो, आजी," तो म्हणाला. "मी मुलीकडच्यांना सगळं खरं सांगितलं. दुकानाच्या वर दोनच खोल्या आहेत. खाली भट्टी, वास वर येतो. भाषा कळत नाही, सुरुवातीला बोलायला कुणी नसतं. आणि पाणी एक दिवसाआड येतं. साठवून ठेवावं लागतं. त्यांनी पाण्याचं ऐकलं आणि नको म्हणाले."

"मी त्याला म्हनलोवतो," नाथाजी कुरकुरले, "पाण्याचं कशाला सांगतुस? लगीन झाल्यावर कळतंच की."

मग आई जे बोलली ते मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

"माझ्या येळंला बी चौकशी झालीवती," ती म्हणाली. "माझा चुलता मेढ्यासनं आटपाडीपातुर गेलावता. जमीन किती, घर कसलं, पोरगा कसा, समदं इचारून आला. समदं खरं व्हतं. जमीन व्हती, घर व्हतं. ह्याचा बाप बी सोन्यावानी व्हता. पण पाणी हाय का, हे कुणी इचारलं न्हाई. आमच्याकडं दारातनं व्हाळ वाहायचा, कुणाच्या डोक्यात ईल? आन त्यांनी बी सांगितलं न्हाई. पयल्या दिशी हळद आंगावर असताना सासूनं हातात घागर दिली. हीर ही लांब. उनात जाताना मी वाटंला बसले आन रडले. पाण्यासाठी न्हाई रडले. मला कुणी सांगितलं न्हाई म्हणून रडले."

मी आटपाडीच्याच घरात वाढलो, त्याच विहिरीच्या घागरीचं पाणी प्यायलो. ती घागर कशी आली, हे मी कधी विचारलं नव्हतं. पोहे तिखट झालेत असं म्हणत मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

आईनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. "उदय, ह्यो पोरगा आधी सांगतोया. अंकिताला बी आधी सांगू दे त्याला. सांगून बी ती हो म्हनली, तर दे."

"आणि नाही म्हणाली तर?" प्रांजलनं विचारलं.

"तर ऱ्हाऊ दे मेढ्यात. तिची तिला अक्कल हाय."

नाथाजींनी मोठा उसासा टाकला, प्लेट उचलली आणि पोहे खायला सुरुवात केली. खाता खाता म्हणाले, "तेवढं मिशीचं काढून टाका."

पाहुणे गेल्यावर मी गॅलरीत जाऊन बसलो. आई मागं येऊन बसली. शेवटचं प्रकरण आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. मेढ्याच्या स्टँडवर शिवतेज अंकिताला पाण्याचं सांगतो. खोल्यांचं सांगतो. ती सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "घागर मी एकटी धरणार नाही." तो म्हणतो, "दोघं धरू." मध्ये आई काय काय बोलली, तेही सगळं उमटलं. फुली मारायला मी बोट उचललं आणि खाली ठेवलं. चुलत्याच्या मिशा तेवढ्या काढल्या. म्हातारीचा आवाज होता तसा ठेवला आणि पाठवून दिलं.

निकाल आला. माझी कथा नापास झाली होती. "सूचना देऊनही अनावश्यक पात्र काढले नाही," असं अपेक्षा मॅडमनी लिहिलं होतं. फाउंड्रीत मी स्वतःच सांगून टाकलं. पोरांना फार आनंद झाला, त्यांनी मला चहा पाजला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बरा लागला.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा फोन खिशातच होता. आई गॅलरीत घेवडा निवडत होती. "बस की," ती म्हणाली.

"संपली आई गोष्ट. लग्न झालं की."

"लगीन झालं ते कळलं. ती पोचली का तिथं? पाण्याचं काय केलं त्यानं?"

हे मला ठाऊक नव्हतं. एवढा महिना लिहून हे मला ठाऊक नव्हतं. जाताना शिवतेजनं नंबर दिला होता, तो मी लावला. तो कोइमतूरला परत पोचला होता. पाण्याचं विचारलं, तर म्हणाला, "काका, आजींना सांगा, माळ्यावर मोठी टाकी बसवून घेतली. त्या दिवसापासून डोक्यात होतं. पुढं कुणी येईल तिला त्रास नको."

मी फोन ठेवला. "आई, शिवतेजनं मोठी टाकी बसवली."

"कुठल्या शिवतेजनं? तुझ्या का विट्याच्या?"

"दोघांनीबी," मी म्हणालो.

"मग झ्याक झालं," आई म्हणाली आणि घेवड्याचं ताट माझ्यापुढं सरकवलं. "हं, आता तू खडं काढ. आन सांग फुडं, सकाळचा च्या कोण करतंय?"